मगदूम गुरुजींनी निवडलेलं राज्य

मगदूम गुरुजींना कायद्याचं काही विचारायचं असलं, तर नागरवळ्यातली माणसं त्यांच्या घरी जात नसत. सरळ डंकावर जात. डंक म्हणजे मिरची कुटायचं यंत्र. विजेवर लोखंडी मुसळं वरखाली होतात, खाली उखळात मिरची, खोबरं, धणे, लसूण यांची चटणी होते, आणि आत पाऊल टाकणारा माणूस आधी दोनचारदा शिंकतो, मग काम सांगतो. हा डंक गुरुजींच्या थोरल्या बहिणीचा, रत्नाक्काचा. गुरुजी दाराजवळच्या बाकावर बसत, नाकाला रुमाल लावत आणि मोबाइल उघडत. निवृत्त झाल्यापासून शिकवायला वर्ग उरला नव्हता. त्याची भरपाई ते तिथे करून घेत.

मोबाइलमध्ये असायचा मुक्तकायदा. २०३८ साली त्याचं कुणाला नवल राहिलं नव्हतं, पण तो आला तेव्हा वकिलांनीसुद्धा भुवया उंचावल्या होत्या. त्याआधीची बोलणारी यंत्रं कायद्याच्या बाबतीत बिनदिक्कत थापा मारत. पुढचा शब्द काय येईल याचा अंदाज बांधत बोलणं हेच त्यांचं काम. त्यामुळे कधीच न लागलेले निकाल आणि नसलेली कलमं ती अगदी ठामपणे सांगत, आणि बिचारा माणूस ती घेऊन कोर्टात उभा राहिला की त्याचं हसं होई. मुक्तकायदा काही विद्यापीठांनी आणि निवृत्त न्यायाधीशांनी मिळून वेगळ्या रीतीने बांधला. देशातला प्रत्येक कायदा, प्रत्येक निकाल, प्रत्येक दुरुस्ती त्यांनी सुटी करून एकेका अटीची एकेक गाठ केली. अमुक असेल तर तमुक लागू, नसेल तर नाही. प्रत्येक गाठ दुसऱ्या गाठींना बांधलेली. एखादं कलम रद्द झालं की त्याच्यावर टेकलेल्या सगळ्या गाठी आपोआप विझत. यंत्र फक्त जिवंत गाठींवरून चालत उत्तरापर्यंत जाई, आणि मध्येच वाट तुटली तर ‘मला माहीत नाही’ म्हणे. अंदाज करायला त्याला बंदीच होती. आणि हे सगळं फुकट, सगळं मराठीतसुद्धा.

एक गोष्ट मात्र माणसालाच सांगावी लागे. प्रत्येक गाठीला तीन चिठ्ठ्या जोडलेल्या होत्या: कुणाला लागू, केव्हापासून लागू आणि कुठे लागू. पहिल्या दोन गोष्टी यंत्र बोलता बोलता काढून घेई. तिसरी, म्हणजे राज्य, ते सरळ विचारी. मोबाइल कुठे आहे हे त्याला सहज कळलं असतं, पण पूर्वी अशाच एका ॲपमधून लोकांचे ठावठिकाणे फुटले होते आणि घटस्फोटाची माहिती विचारणाऱ्या बायका सासरच्यांना सापडल्या होत्या. तेव्हापासून नियम झाला, की कायद्याची माहिती देणाऱ्या यंत्राने विचारणारा कुठे बसलाय हे बघायचंच नाही. तुम्ही सांगाल ते तुमचं राज्य.

आता नागरवळे हे निपाणीच्या बाजूचं गाव. माणसं मराठी बोलतात, मराठीत भांडतात, भजनं मराठीत म्हणतात, आणि कागदोपत्री गाव कर्नाटकात. हे तिथलं जुनं दुखणं. गुरुजींचे वडील सीमालढ्यात तुरुंगात जाऊन आलेले. स्वतः गुरुजी सीमालढा चालवणाऱ्या गावच्या समितीचे चिटणीस. एक नोव्हेंबरला, कर्नाटकाच्या स्थापनादिनी, दंडाला काळी फीत बांधायची आणि कुठेही पत्ता लिहायची वेळ आली तर शेवटी ‘महाराष्ट्र’ लिहायचं, ही घरची रीत. पोस्टमन त्या पत्त्यावर आलेली पत्रं बिनबोभाट आणून देई, कारण त्याच्याही घरी तीच रीत होती. मुक्तकायद्याने पहिल्याच दिवशी विचारलं, ‘आपलं प्रकरण कोणत्या राज्यातलं?’ गुरुजींनी एका झटक्यात महाराष्ट्र निवडलं. यंत्राने ते मुकाट मान्य केलं. इतक्या वर्षांत कुठल्या सरकारने तेवढं केलं नव्हतं. पुढे प्रत्येक उत्तराच्या डोक्यावर एक ओळ येऊ लागली: ‘ही माहिती महाराष्ट्र राज्यातील प्रकरणांसाठी आहे.’ ती ओळ गुरुजी आधी सगळ्यांना मोठ्याने वाचून दाखवत आणि मगच उत्तराकडे वळत.

बरेच दिवस हे निभावून गेलं. लोक विचारत ते न वटलेल्या चेकचं, अपघाताच्या विम्याचं, बिघडलेला फ्रिज परत न घेणाऱ्या दुकानदाराचं. ते कायदे साऱ्या देशाला सारखेच. उत्तरं बरोबर येत गेली आणि गुरुजींचं नाव होत गेलं.

त्या हिवाळ्यात रत्नाक्काचे यजमान गेले. गुरुजी त्यांना दाजी म्हणत. डंक दाजींनी उभा केलेला, पण जागा चौगुल्यांची, दाजींच्या नावाने भाड्याने घेतलेली. अक्काला मूलबाळ नव्हतं. तिच्या म्हणाव्यात अशा जगात दोनच गोष्टी: हा डंक आणि हा भाऊ. भावाला शिकता यावं म्हणून तिने स्वतः चौथीत शाळा सोडली होती. ती हे कधी बोलून दाखवत नसे. गुरुजी मात्र सत्कारात, भाषणात आवर्जून सांगत आणि सांगताना त्यांचा आवाज भरून येई.

कार्य आटोपल्यावर काही दिवसांनी महावीर चौगुले डंकावर आला. म्हाताऱ्या चौगुल्यांचा मुलगा, गुरुजींचा जुना विद्यार्थी. शिंकून झाल्यावर तो उभ्यानेच बोलला.

“काकू, जागा कोपऱ्यावरची हाय. मला हितं औषधाचं दुकान काढायचंय. पण तुमास्नी रस्त्यावर काढणार न्हाई मी. मागच्या गल्लीत आमची खोली हाय, ती देतो. डंकाचा पाया मी माझ्या खर्चानं घालून देतो. ते हुईस्तोवर हितंच चालू द्या.”

अक्काने पदराने कपाळ पुसलं. “बरं बोलतोय की पोरगं,” ती गुरुजींकडे बघत म्हणाली.

गुरुजींनी वर्गात करत तसा हात वर केला. “थांब, महावीर. कायदा काय म्हणतोय ते आधी बघूया.”

त्यांनी मुक्तकायद्याला सगळी हकिगत सांगितली. यंत्राने दोनतीन प्रश्न विचारले, दाजी कधी गेले, अक्का त्यांच्याबरोबर डंक चालवत होती का, भाडं थकलंय का. मग उत्तर आलं. गुरुजींनी आधी वरची ओळ वाचली, खाकरले आणि पुढे वाचू लागले. भाडेकरूच्या मृत्यूनंतर त्याच्यासोबत व्यवसाय करणारी पत्नी कायद्यानेच भाडेकरू ठरते. त्यासाठी अर्ज करावा लागत नाही. पर्यायी जागा स्वीकारल्यास मूळ जागेवरचा हक्क जातो.

“ऐकलंस? अक्का, तू हितनं हलायचं न्हाई. कशावर सही करायची न्हाई. काहीच करायचं न्हाई, एवढंच करायचं.”

“पर तो बांधून देतो म्हणतोय न्हवं?”

“हक्काची जागा सोडून मागच्या गल्लीत कशाला जायचं?”

महावीरचा चेहरा पडला. “गुरुजी, एकदा कुणाला तरी विचारून घ्या. घाई न्हाई माझी.”

“विचारलं की आत्ता. तुझ्यासमोरच विचारलं.”

अक्काने मग दुसरा शब्द काढला नाही. गुरुजींना ती भूपा म्हणे. भूपा शिकलेला, भूपा म्हणतो म्हणजे असणार, हा तिचा नेहमीचा हिशेब. महावीर गेला आणि गुरुजींनी बाकावर बसलेल्या दोघातिघांना तेच उत्तर परत एकदा वाचून दाखवलं.

उन्हाळा लागला. चटणीचा हंगाम. निपाणीच्या कोर्टात वकिली करणाऱ्या हेमलता अंगडी दरवर्षी मिरची घेऊन रत्नाक्काकडेच येत. बोलायला मोकळ्या, मराठीला कानडीचा हेल. त्यांनी दाजींचं ऐकलं, हळहळल्या आणि सहज विचारलं, “जागेचं काय केलात, अक्का? अर्ज टाकलात की नाही मुदतीत?”

अक्काने भावाकडे पाहिलं.

“त्याला अर्ज लागत नाही,” गुरुजी म्हणाले. “आम्ही बघतोय ते.”

“बघताय ना? मग झालं. कागद एकदा मला दाखवून जावा. फी नको, चटणी द्या.”

“मॅडम, आता कायदा सगळ्यांच्या खिशात आलाय,” गुरुजी हसून म्हणाले. “तुमची पंचाईत झाली खरी.”

अंगडीबाईही हसल्या. चटणीचा डबा घेऊन त्या गेल्या. त्या दिवशी मुदत अजून शिल्लक होती. गुरुजींना पुढे अनेकदा आठवायचं ते हे, की आपण तेव्हा हसलो होतो.

मुदत संपल्यावर चौगुल्यांकडून नोटीस आली. वकिलामार्फत, रजिस्टर पोस्टाने, कानडीत. गुरुजींनी पाकीट उघडलं, पानाकडे नजर टाकली आणि लाल पेनाने आडवं लिहिलं, ‘मराठीत पाठवा.’

“काय लिवलंय रं त्यात?” अक्काने विचारलं.

“कानडीत हाय. आपण घ्यायचंच न्हाई ते.”

“तुला वाचाय येतंय की.”

येत होतं. चांगलं येत होतं. नोकरीत कायम होण्यासाठी आणि पगारवाढीसाठी त्यांनी कानडीची परीक्षा दिली होती, पहिल्या वर्गात पास झाले होते. पण हा तत्त्वाचा प्रश्न होता. गुरुजी म्हणाले, “येतंय म्हणून वाचायचंच असं न्हाई.” नोटीस परत गेली. पाठोपाठ भाडे प्राधिकाऱ्याचं बोलावणं आलं, तेही कानडीत, तेही त्यांनी तसंच परत धाडलं. समितीच्या बैठकीत त्यांनी ही हकिगत सांगितली तेव्हा टाळ्या पडल्या.

मग एका सकाळी बेलीफ आला आणि डंकाच्या दारावर कागद चिकटवून गेला. आता परत पाठवायला पाकीट नव्हतं. अक्का दारात उभी राहिली, गुरुजींनी कागद वाचला. पहिल्यांदा वाचला. महिन्याभरात जागा रिकामी करून मालकाच्या ताब्यात द्यावी, असा हुकूम होता. अक्काने भाड्याचा हक्क पुढे चालवण्यासाठी अर्जच केलेला नाही, बोलावूनही ती आली नाही, म्हणून.

“असं कसं करतील?” गुरुजी म्हणाले. “कायद्यात नाही हे.”

दोघं निपाणीला अंगडीबाईंच्या ऑफिसात गेली. गुरुजींनी मुक्तकायद्याचं उत्तर छापून घेतलं होतं आणि महत्त्वाच्या ओळींखाली रेघा मारल्या होत्या. अंगडीबाईंनी चष्मा लावून कागद नीट वाचला. वरच्या ओळीशी त्या थांबल्या. मग खालचं न वाचताच कागद टेबलावर ठेवला.

“गुरुजी, हे उत्तर शंभर टक्के बरोबर आहे. कागलच्या बाईला.”

गुरुजींनी कागद स्वतःकडे ओढून वरची ओळ पुन्हा वाचली.

“कागल पलीकडं आहे, महाराष्ट्रात. तिथं विधवा बाईला काही करावं लागत नाही. आपल्याकडचा कायदा वेगळा आहे. आपल्याकडं तिनं तीन महिन्यांच्या आत मालकाला कळवून अर्ज टाकायचा असतो. नाही टाकला तर भाडेपट्टा संपला. मी उन्हाळ्यात विचारले होते तुम्हाला.”

त्यांनी स्वतःच्या संगणकावर तोच मुक्तकायदा उघडला. राज्यांची यादी आली. कर्नाटक महाराष्ट्राच्या वरच होतं. त्यांनी ते निवडलं, भाषा मराठी ठेवली आणि तोच प्रश्न विचारला. उत्तर स्वच्छ मराठीत आलं. मुदत, अर्जाचा नमुना, कुठे जायचं, कोणते कागद न्यायचे, सगळं. आणि सर्वांत वर ठळक अक्षरांत, ‘मुदत चुकवू नका.’

“मराठीतच आहे की हो,” अंगडीबाई जरा चकित होऊनच म्हणाल्या. त्यांना टोचायचं नव्हतं, म्हणूनच ते जास्त टोचलं.

अक्का दोघांकडे आळीपाळीने बघत होती. “म्हंजे भूपाकडनं चुकून दुसरं बटन दाबलं गेलं?”

“चुकून नाही, अक्का,” अंगडीबाई हळू आवाजात म्हणाल्या.

गुरुजींनी छापील कागदाची घडी घातली. पन्नास मुलांसमोर फळ्यावर गणित चुकावं आणि मागच्या बाकावरून कुणीतरी ते दाखवावं, असं आयुष्यात एकदोनदा झालं होतं. तेव्हा फळा पुसता आला होता. इथे समोर बहीण बसली होती आणि तिला अजून नीट कळलेलंच नव्हतं. कुणी समजावून सांगेल याची ती वाट बघत होती, त्यांच्याकडेच बघत.

अंगडीबाईंनी उपाय सांगितला. एक दार उघडं होतं. उशीर माफ करावा असा अर्ज करता येतो, आणि प्राधिकाऱ्याला कारण पटलं तर हुकूम मागे घेऊन प्रकरण पुन्हा ऐकलं जातं. “पण कारण खरं पाहिजे. आणि ज्याच्यामुळं उशीर झाला त्यानंच ते शपथेवर सांगायला पाहिजे. मी कर्नाटकात राहतो हे मला ठाऊक होतं, तरी मी महाराष्ट्र निवडलं, नोटिसा मला वाचता येत होत्या, तरी मी परत पाठवल्या. असं प्रतिज्ञापत्र. सोबत तुमच्या पेन्शनचा कागद लागेल, राहण्याचा पुरावा म्हणून.”

पेन्शनचा कागद. त्यावर कर्नाटक सरकारचा शिक्का होता. पस्तीस वर्षं पगार घेताना कोणत्या राज्यात आहोत हे गुरुजींना बरोबर ठाऊक असायचं.

“हे प्रतिज्ञापत्र,” त्यांनी विचारलं, “कुणाकुणाला दिसेल?”

“सगळ्यांना. हल्ली हुकूम निघाला की दुसऱ्या दिवशी मुक्तकायद्यात येतो. तुमचं नाव टाकलं की समोर.”

“दुसरं काही कारण नाही देता येणार?”

“मी हे ऐकलं नाही,” अंगडीबाई म्हणाल्या आणि पुढचा कागद काढायला वळल्या.

घरी आल्यावर गुरुजींनी मुक्तकायदा उघडला. यंत्र बनवणाऱ्यांवर दावा लावता येतो का, हे त्यांना बघायचं होतं. पण खरं उत्तर हवं तर आधी राज्य बदलायला हवं होतं. त्यांनी दोनदा यादी उघडली आणि बंद केली. तिसऱ्यांदा कर्नाटक दाबलं. त्यांना वाटलं, यंत्र काहीतरी म्हणेल. निदान, ‘आपण खात्रीने राज्य बदलू इच्छिता का,’ एवढं तरी. यंत्राने मुकाट्याने बदल केला, जसा पहिल्या दिवशी केला होता. आणि मग सांगितलं, की विचारणाऱ्याने स्वतः दिलेल्या माहितीबद्दल यंत्र बनवणारे जबाबदार धरले जात नाहीत. खाली त्याचे निकाल होते. वाचावेत तितके कमी. अंबरनाथला बसून दुसऱ्या राज्याचा कायदा लावून घेणारी माणसं होती, जुनी तारीख सांगणारी होती, बायकोऐवजी बहीण म्हणणारी होती. जो तो यंत्राला आपल्याला हवं तसं सांगून बसलेला. गुरुजींना त्या गर्दीत स्वतःचं नाव दिसायला लागलं.

दुसऱ्या दिवशी ते डंकावर गेले तेव्हा अक्का कुणाची तरी मिरची कुटत होती. ते जवळ जाऊन उभे राहिले.

“अक्का, एक सुचलंय. दाजी गेल्यावर तू आजारी व्हतीस, सुचत नव्हतं काही, म्हणून अर्ज राहिला, असं तू सांगायचं. खोत डॉक्टर दाखला देतील. ओळखीचे हायत.”

अक्काने बटण बंद केलं. मुसळं एकेक करून थांबली. इतका वेळ त्या आवाजात बोलायची सवय होती, त्यामुळे शांततेत तिचा साधा आवाजही मोठा वाटला.

“तुझं दाजी गेल्यावर कार्य झालं आन् दुसऱ्या दिवशी डंक चालू केला म्या. सगळ्या गावानं चटणी नेलीया. आजारी व्हते म्हणून शपथ घिऊ?”

“एवढंच कारण बसतंय त्यात.”

“आन् तुझं कारण?”

गुरुजी खाली बघत म्हणाले, “ते सगळीकडं दिसंल, अक्का. समितीत, गावात. अण्णांचं नाव हाय.” अण्णा म्हणजे त्यांचे वडील.

“अण्णा माझंबी व्हते,” अक्का म्हणाली. थोडा वेळ ती उखळाच्या कडेची चटणी बोटाने आत ढकलत राहिली. “माझं खोटं चालतंय तुला, भूपा. तुझं खरं चालत न्हाई.”

ती रागावून बोलली नाही. तिने बटण दाबलं आणि डंक परत चालू झाला. गुरुजी बाकापर्यंत आले, पण बसले नाहीत. त्यांना लाज वाटत होती, आणि ती नुसती चुकीच्या राज्याची नव्हती. ती तर होतीच. ही नवी होती. आपण आत्ता काय मागितलं, आणि कुणाकडे, याची. शाळा सोडलेल्या बाईकडे त्यांनी आणखी एक गोष्ट मागितली होती, आणि तीही त्यांच्याचसाठी.

त्याच दिवशी ते एकटे निपाणीला गेले आणि प्रतिज्ञापत्रावर सही करून आले.

सुनावणीला कोर्टाच्या खोलीत बरीच माणसं होती. त्यांत समितीचा दत्ता पोवारही होता, स्वतःच्या कामासाठी आलेला. महावीर पलीकडच्या खुर्चीवर बसला होता. त्याने गुरुजींना पाहून उठून नमस्कार केला, आणि ते त्यांना फारच जड गेलं. प्राधिकारी तरुण बाई होत्या. त्यांनी प्रतिज्ञापत्र वाचलं आणि कानडीत विचारलं, “तुम्हाला कन्नड येतं?”

“येतं,” गुरुजी कानडीत म्हणाले.

“नोटीस वाचता आली असती?”

“आली असती.”

“तुमचं गाव कोणत्या राज्यात आहे, हे ठाऊक होतं?”

खोलीत पंखा फिरत होता. दत्ता पोवार भिंतीवरच्या कॅलेंडरकडे टक लावून बघत होता. गुरुजींच्या मनात आयुष्यभराची भाषणं होती, त्यातली चारपाच वाक्यं जिभेवर आलीही. शेजारी अक्का हात जोडून बसली होती, कानडी तिला अर्धीमुर्धीच कळत होती. ते म्हणाले, “ठाऊक होतं. पूर्वीपासून.”

हुकूम अक्काच्या बाजूने लागला. उशीर माफ झाला, जागा रिकामी करायचा हुकूम मागे घेतला गेला आणि अर्ज दाखल करून घेतला. अर्जाचा निकाल लागेपर्यंत डंक राहिला. मात्र महावीरने मागच्या गल्लीतली खोली देण्याचं बोलणं काढून घेतलं; आता जे होईल ते निकालानेच होईल, असं त्याच्या वकिलाने सांगितलं. दुसऱ्या दिवशी हुकूम मुक्तकायद्यात आला. त्यातलं एक वाक्य गुरुजींना पाठच झालं. ‘अर्जदार बाईचा यात कोणताही दोष दिसत नाही. तिने एवढंच केलं, की आपल्या शिकलेल्या भावावर विश्वास ठेवला.’

यंत्राने नेहमीप्रमाणे त्या हुकुमाचीही गाठ बांधली. राज्य चुकीचं सांगितल्यामुळे मुदत चुकली, तर काय? या प्रश्नावर देशातली ती पहिली जिवंत गाठ होती. त्यामुळे सीमेवरच्या कुठल्याही गावात कुणी तसं काही विचारलं, की उत्तरात नागरवळ्याच्या भूपाल मगदुमांचं नाव येऊ लागलं. खानापुरात आलं, औरादला आलं, पलीकडे आंध्र आणि ओडिशाच्या सीमेवर त्यांच्या त्यांच्या भाषांत आलं. चूक करणारे खूप होते. शपथेवर कबूल करणारा हा एकच होता.

दत्ता पोवार आठवड्याने वाटेत भेटला. इकडचं तिकडचं बोलला, मग आवाज खाली आणला. “माझ्या पोरीनंबी तेच दाबलं हुतं, गुरुजी. काल बदलून घेतलं. कुणाला सांगू नका.” समितीत गुरुजींना कुणी काही म्हणालं नाही. चिटणीसही तेच राहिले. फक्त टाळ्या घेणारी गोष्ट सांगायची वेळ आली, की लोक दुसऱ्या कुणाकडे बघत.

डंकावर ते जात राहिले. पहिले काही दिवस कुणी कायद्याचं विचारलं नाही, नंतर एखाददुसऱ्याने विचारलं, तेव्हा गुरुजींनी राज्य, तारीख, नाव सगळं तीनतीनदा विचारून घेतलं आणि शेवटी वकिलाला दाखवा म्हणून सांगितलं. अक्का पूर्वीसारखीच होती. चहा करून द्यायची, त्यांच्या खोकल्याची चौकशी करायची. झाल्या गोष्टीचं नाव तिने एकदाही काढलं नाही.

मग एका सकाळी वीज कार्यालयाकडून पाकीट आलं. डंकाची जोडणी दाजींच्या नावावर होती, ती बदलण्याबद्दल काहीतरी असणार. पोस्टमनने ते अक्काच्या हातात दिलं. गुरुजींनी बाकावरून सवयीने हात पुढे केला.

अक्काने हात धुतले, पदराला पुसले, पाकीट न उघडता पिशवीत ठेवलं आणि चप्पल घातली.

“कुठं निघालीस?”

“निपाणीला जाऊन येते. अंगडीबाईंना दाखवते.”

“आण की हिकडं. मी बघतो.”

“असूं दे रं,” ती मायेने म्हणाली. “तुला कशाला तरास. तोवर बस हितं, कुणी आलं तर दुपारनं या म्हणावं.”

तिने त्यांच्या खांद्यावर क्षणभर हात ठेवला आणि ती स्टँडकडे गेली. गुरुजींनी पुढे केलेला हात मांडीवर ठेवला.

थोड्या वेळाने शेजारच्या गावाहून एक बाई मिरचीची पिशवी घेऊन आली. दारात शिंकली, डोळे पुसले आणि आत डोकावली. “अक्का न्हाईत व्हय?”

“वकिलाकडं गेलीया. कागद दाखवायचा हुता.”

“वकिलाकडं? तुमी असताना?”

गुरुजी उठले. त्यांनी तिच्या हातातली पिशवी घेतली, काट्यावर ठेवली आणि वजन मोठ्याने वाचून दाखवलं.